सतरावं पान

"बाबांकडे कागद बांधायला देऊ नकोस. मूळ कागद आहेत, आहेत तसे पिशवीत ठेव," असं थोरल्या जावेने पाच वर्षांपूर्वी जिन्यात गाठून सांगितलं होतं. धाकटीने मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, झालं, आलं हिच्या पोटात दुखायला.

तेव्हा तिला ते अगदी उघड वाटलं होतं. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच बँकेत, एकाच टेबलाशी खुर्च्या ओढून घराच्या कर्जावर सह्या केल्या होत्या. इमारतही एकच. थोरला तिसऱ्या मजल्यावर, धाकटा चौथ्या. आणि सासरे पडले पुस्तकबांधणीवाले. त्या घराण्यात सुटा कागद आठवडाभर टिकत नसे. जन्माचे दाखले, गुणपत्रिका, विजेची बिलं, नणंदेच्या लग्नातल्या आहेराची यादीसुद्धा बाबांनी कडेला भोकं पाडून, दोऱ्याने शिवून, कापडी पुठ्ठ्यात घालून, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवून कपाटात उभी केली होती. थोरलीच्या संसाराचे सात खंड त्या कपाटात होते. धाकटीचा पहिला होऊ घातला होता, आणि नेमकं तेव्हाच हिला मूळ कागदांची काळजी सुचावी?

तिने दुसऱ्याच दिवशी कागद दुकानात नेऊन दिले. थोरल्याने आपले कागद बायकोला न विचारता आधीच पोचवले होते. पंधरा दिवसांत दोन खंड तयार झाले. थोरल्याचा निळा, धाकट्याचा तांबडा. तांबड्याच्या पाठीवरची अक्षरं बाबांनी धाकटीच्याच हातून उठवून घेतली. तापलेला ठसा किती वेळ टेकवायचा, केव्हा उचलायचा, हे तिच्या मनगटाला धरून शिकवलं. थोरली तेव्हा दारात डबा घेऊन उभी होती. धाकटीने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि ते पाहणं काही निरागस नव्हतं.

आता त्या गोष्टीला पाच वर्षं झाली होती, आणि पाच वर्षांचा आठ टक्क्यांचा ठरलेला दर संपला होता.

*

दर संपल्यावर काय होणार हे करारात लिहिलेलं होतं. बँकेचा जो मूळ दर असेल तो, अधिक बँकेचा वरचा टक्का. मूळ दर साडेसात. नव्या हप्त्याचं पत्र आलं तेव्हा धाकटी एका हाताने पिल्लूला भरवत होती. पिल्लू म्हणजे तिची दीड वर्षाची मुलगी, जिचा श्वास रात्रीतून चारदा तपासल्याशिवाय तिला झोप लागत नसे. पत्रात लिहिलं होतं, सव्वादहा. तिने चमचा खाली ठेवला. हप्त्यात जेवढी वाढ झाली होती तेवढीच पाळणाघराची फी होती. म्हणजे तिने पुन्हा नोकरी धरायची तर पाळणाघर नाही, आणि नोकरी नाही धरायची तर हप्ता नाही.

"आपण हे घर भाड्याने देऊ," नवरा म्हणाला. "दादाकडे एक खोली रिकामी आहे. वर्ष-दोन वर्षं काढू."

"ताईंच्या स्वयंपाकघरात?"

"वहिनी काही खाणार आहे का तुला?"

"खाणार नाहीत. वाढतील," ती म्हणाली. "आणि ताटात किती वाढलं ते लक्षात ठेवतील."

ही धास्ती होतीच, त्यात नणंदेचा फोन आला. नणंद एका मोठ्या दवाखान्यात नंबर पुकारायला बसे, त्यामुळे तिचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येई. "अगं, वहिनींना साडेआठच लागलाय म्हणे. तुम्हाला सव्वादहा कसा? एकाच दिवशी सह्या ना?"

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने तांबडा खंड काढला, सतरावं पान उघडलं, कलम अकरा. तिथे स्वच्छ टाइप केलं होतं, वरचा टक्का एक. म्हणजे साडेसात आणि एक, साडेआठ. तिलाही साडेआठच. मग पावणेतीन टक्के लावले कुणी?

ती पिल्लूला कडेवर मारून बँकेत गेली. टेबलामागच्या अधिकाऱ्याने खंड उलटसुलट करून पाहिला, पाठीवरची अक्षरं वाचली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवली.

"आमच्याकडे लोक प्लास्टिकच्या पिशवीत आणतात," तो म्हणाला. "हा तर ग्रंथच आहे."

"ग्रंथाचं सतरावं पान बघा."

त्याने पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. "सिस्टीमला पावणेतीन दिसतंय मॅडम."

"मग सिस्टीम चुकतेय."

"किंवा पान."

"पान तुमच्याच बँकेचं आहे. तुमचाच शिक्का आहे. नंतर कुणी तुमच्याकडचं पान बदललं असेल तर ते मला माहीत नाही."

त्याचा चेहरा गंभीर झाला. मूळ प्रत दुसऱ्या शहरात, कागदांच्या कोठारात असते. लेखी तक्रार द्या, सुनावणी पुढच्या महिन्यात लागेल, तोवर हप्ता नव्या दरानेच भरा. धाकटीने तिथेच उभ्याने तक्रार लिहिली. पिल्लूने टेबलावरच्या पेनाची साखळी तोंडात घातली होती. ती तिने काढली, पुसली आणि बाहेर पडताना ठरवलं, सुनावणीला दोन्ही खंड न्यायचे. निळा आणि तांबडा शेजारी शेजारी. एक दिवस, एक बँक, एक कलम, एक टक्का. मग बघू सिस्टीम काय म्हणते.

फक्त निळा खंड थोरलीकडून मिळायला हवा होता.

पहिल्यांदा मागितला तेव्हा थोरली म्हणाली, कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाली, यांनी ऑफिसात नेलाय. थोरला पाणीपुरवठ्यात इंजिनियर. त्याला ऑफिसात कर्जाचा करार कशाला लागतो, हे विचारायचं धाकटीच्या जिभेवर आलं होतं. तिसऱ्यांदा तर थोरलीने दार अर्धंच उघडलं. "बघते गं," म्हणाली, आणि आतून कुकरची शिट्टी झाल्यासारखी वळून गेली. शिट्टी झाली नव्हती. असल्या गोष्टी धाकटी नीट ऐकत असे.

तेव्हापासून ती पाळत ठेवल्यासारखी थोरलीकडे बघू लागली. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खालचं फाटक दिसायचं. रोज सकाळी साडेआठला थोरली निघायची. तिची शाळेतली कारकुनी दुपारची, मग ही सकाळी जाते कुठे? एकदा धाकटी पिल्लूला बाबागाडीत घालून मागे गेली. थोरली बाबांच्या दुकानात शिरली, पंधरा मिनिटांनी बाहेर आली, पदराने डोळे पुसल्यासारखं केलं आणि भाजीच्या दुकानाकडे वळली. हातात ना डबा, ना पिशवी.

"दुकान लिहून घेतेय ती," धाकटीने रात्री नवऱ्याला सांगितलं.

"कुणाचं दुकान? ते तर भाड्याचं आहे."

"मग मशिनं. कपाट. काहीतरी."

नवरा कूस बदलून झोपला. धाकटी छताकडे बघत राहिली. खालच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. साडेआठ टक्क्यांचं हसू ते. सव्वादहावाल्याला असं हसता येत नाही, असं तिला त्या अंधारात अगदी खरं वाटलं.

*

शेवटी नणंदेनेच सगळ्यांना एकत्र बोलावलं. "जिन्यात टोमणे मारण्यापेक्षा एकदाचं समोरासमोर बोला. रविवारी चारला, बाबांच्या दुकानात. तिथे कुणी उठून आपापल्या मजल्यावर जाऊ शकत नाही."

दुकान तीन पायऱ्या उतरून होतं. आत खळीचा आंबूस वास, मधोमध पुस्तकं दाबून धरणारा चाकाचा लोखंडी दाब, भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या. बाबा आपल्या ठरलेल्या स्टुलावर, गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. थोरला दाबाला टेकून, धाकटा पायरीवर, नणंद एकुलत्या एक खुर्चीत. थोरली चहाच्या कपांजवळ उभी. धाकटीने पिल्लूला मांडीत घट्ट धरलं होतं, कारण समोर भिंतीला दोन कात्र्या आणि एक आरी लटकत होती.

"बोल," नणंद धाकटीला म्हणाली. "काय ते एकदा सांग."

"मला फक्त निळा खंड हवाय. सुनावणीला दाखवायला. तीन आठवडे मागतेय."

"वहिनी, का नाही देत?"

"देत नाही असं कुठे म्हटलं?" थोरलीने कप पुसला. तो आधीच पुसलेला होता. "पण तक्रार हिची, कागद आमचे कशाला? उद्या बँक आमचंच कलम उकरायला लागली तर?"

"तुमचं कलम उकरण्यासारखं आहे का ताई?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. एकाच दिवशी सह्या झाल्या. तुम्ही आमच्या आधी दोनदा बँकेत जाऊन बसला होता, एवढंच आठवतंय मला."

"हो, बसले होते. यांच्या पगाराच्या पावत्या द्यायला. तुझ्या नवऱ्याला तेव्हा पगार होता का?"

धाकटा पायरीवरून म्हणाला, "वहिनी, मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो, चोऱ्या नाही."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"तुम्ही कधीच म्हणत नाही," धाकटी म्हणाली, "नुसतं कळवता."

नणंद हसू दाबायला चहा प्यायली. सकाळपर्यंत ती धाकटीच्या बाजूने होती. आता थोरलीच्या कपाकडे बघून तिच्या बाजूने झुकल्यासारखी दिसली. "खरं सांगू? मला वाटतं दोघींचंही चुकतंय."

"तुला नेहमीच तसं वाटतं, तायडे," थोरला म्हणाला. मग त्याने पाठीमागची पिशवी उचलली. "अरे, एवढं काय आहे त्यात. किल्ली तर टीव्हीखालीच होती. मी आणलाय खंड."

थोरलीचा हात कपावरच थांबला. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याचंच बोलणं मध्ये तुटलं.

धाकटीने पिल्लूला नणंदेच्या मांडीत दिलं आणि निळा खंड घेतला. पान सतरा. कलम अकरा. बोट खाली सरकत गेलं आणि थबकलं. वरचा टक्का, पावणेतीन.

"हे बघा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच पातळ वाटला. "यांच्या करारात पावणेतीन लिहिलंय. आणि बँक लावते एक. आमच्यात एक लिहिलंय, आणि आम्हाला लावते पावणेतीन. काय समजायचं यातून माणसाने? कुणी कुणाला सांगून फिरवून घेतलं?"

"जरा जपून बोल," थोरला म्हणाला.

"कशाला जपू? लिहिलेलं आहे."

"खाली बघ," थोरली हळू म्हणाली. "आकडा तर सगळ्यांनाच दिसतो. खाली सह्या बघ."

प्रत्येक पानाच्या तळाशी नवरा-बायकोच्या छोट्या सह्या होत्या. दोन्ही भाऊ बाबांसारखीच शेपटी काढून सही करत, त्यामुळे त्यांच्यात फरक कळत नसे. पण धाकटीला शाळेपासून सहीखाली दोन टिंबं द्यायची सवय होती. निळ्या खंडाच्या सतराव्या पानावर दोन टिंबं होती. तिने तांबडा उघडला. तिथे टिंबं नव्हती. तिथे थोरलीची गोलसर, शाळेतली सही होती.

एवढ्या दिवसांत तिने त्या पानाचा फोटो काढला होता, चौघांना पाठवला होता, बँकेला दिला होता. प्रत्येक वेळी फक्त कलम अकराची ओळ.

दाबाच्या चाकावर पिल्लू हात आपटत होती, तेवढाच आवाज.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा," थोरली म्हणाली.

"काही नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही, थोरले."

सांगणार कोण? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांचे डोळे धाकटीवर येऊन थांबले. ती म्हणाली, "दोन्ही खंडांतलं सतरावं पान... इकडचं तिकडे गेलंय, बाबा. शिवताना."

बाबांनी हात पुढे केला. तिने दोन्ही खंड त्या हातात ठेवले. त्यांनी उघडले नाहीत. अंगठा पाठीवरून, मग शिवणीवरून फिरवला, जसा एखादा पिल्लूच्या पाठीवरून फिरवेल. "माझीच शिवण," ते म्हणाले. "दोन्ही गठ्ठे एकदमच घेतले होते. पान क्रमाने लागलं की नाही एवढं बघितलं. कुणाचं ते बघितलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "बघितलं होतं. दिसलं नसेल."

थोरलीने तोंड फिरवलं.

"झालं ते झालं, बाबा," नणंद म्हणाली. "म्हणजे हिला पावणेतीनच लागायला हवेत. बँक बरोबर, आपण चूक. संपलं."

धाकटीच्या डोळ्यांसमोर थोरलीकडची ती रिकामी खोली आली. तिच्या खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे आहेत तेसुद्धा आठवलं. बँकेतल्या माणसाला ती काय म्हणाली होती, कुणी पान बदललं असेल तर मला माहीत नाही. बदललं होतं खरंच. पण तिच्याच घरात, तिनेच हट्टाने नेऊन दिलेल्या कागदांत.

"पान वाच," बाबा म्हणाले.

"वाचलं, बाबा. पावणेतीन."

"आकडा वाचलास. पान वाच. वरपासून खालपर्यंत. तायडे, तू वाच. तुझा आवाज मोठा आहे." ते स्टुलावर ताठ बसले. "पन्नास वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, एक पान कमी पडलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं. वाचत मात्र कुणी नाही."

नणंदेने निळ्या खंडाचं सतरावं पान दवाखान्यात नंबर पुकारतात तशा आवाजात वाचायला घेतलं. कलम अकरा झालं. अकरा अ, मूळ दर कधी बदलेल. अकरा आ, हप्ता चुकला तर. पिल्लू जांभया द्यायला लागली. धाकटा पायरीवर खडे मांडत होता. मग अकरा ई आलं.

"कर्ज घेताना कर्जदाराचा स्वतंत्र व्यवसाय असल्यास, आणि ठरलेल्या दराची मुदत संपण्यापूर्वी किमान एक वर्ष तो पगारी नोकरीत असल्यास, मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत पुराव्यासह अर्ज केल्यावर वरचा टक्का पावणेतीनऐवजी सव्वा धरण्यात येईल." नणंद थांबली. "थांबा. हे काय आहे?"

"पुन्हा वाच," धाकटी म्हणाली.

तिने पुन्हा वाचलं. धाकट्याने खडे सोडून दिले. दोन वर्षांपूर्वी त्याने आपलं दुकान बंद करून खोकी बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली होती. दर महिन्याच्या पगाराची पावती तो घरी आणून फ्रिजवर चिकटवत असे, कारण इतकी वर्षं त्याला ती कधी मिळालीच नव्हती.

"नव्वद दिवस," थोरला म्हणाला. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली, मग मोबाइल काढला. "आज चौऱ्याऐंशीवा."

"सुनावणी पुढच्या महिन्यात आहे," धाकटी म्हणाली. तिने नणंदेच्या हातातून खंड ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. हे कलम तांबड्या खंडात नव्हतंच. पगारदाराच्या पानावर ते कशाला असेल? तिचं पान पाच वर्षं खालच्या मजल्यावर कपाटात उभं होतं, आणि ती दुसऱ्याच्या पानावरचा आकडा उराशी धरून भांडत होती.

*

मागच्या मोरीपाशी कप विसळायला दोघीच होत्या तेव्हा थोरली बोलली. न विचारता, नळाकडे बघत.

"आमची मुदत संपली तेव्हाच पाहिलं मी. तुझी टिंबं ओळखली."

"मग सांगितलं का नाही, ताई?"

"बाबांना कळलं असतं." तिने कप उपडा ठेवला. "एवढंच कारण असतं तर मी चांगली म्हणायची. पावणेतीन वाचलं आणि मला बरं वाटलं. खाली वाचलंच नाही मग. कशाला वाचते?"

धाकटीने पुढचा कप विसळायला घेतला. हे असं कुणी तोंडावर सांगेल याची तिला सवय नव्हती.

"सतरा वर्षं या दुकानात डबा आणते मी," थोरली म्हणाली. "एकदा तरी म्हणाले का, थोरले, ठसा धर? तू आलीस आणि तिसऱ्या महिन्यात सोनेरी अक्षरं. मी दारात उभी होते, बघितलंस ना तू माझ्याकडे?"

"बघितलं होतं."

"मलाही कळलं होतं."

नळ टपटपत होता. धाकटीला म्हणायचं होतं की मलाही तुमच्या सात खंडांचं, तुमच्या हसण्याचं, तुमच्या टीव्हीखालच्या किल्लीचंसुद्धा वाईट वाटत आलं आहे. पण तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. "दोघी या. शिवण उसवून पानं जागच्या जागी लावू. बँकेत चुकीचा खंड न्यायचा नाही."

ते टेबलाशी उभे होते. जुना दोरा त्यांनी कधीच कापला होता, बोटांनी चाचपून, सराईतपणे. पानं अलगद सुटली. त्यांनी कोपऱ्यातली, सुया टोचून ठेवायच्या गादीची पेटी पुढे ओढली आणि तिच्यातली एक सुई उचलली. सुईत दोरा ओवलेला होता. धाकटीची नजर पेटीवर गेली. बारा सुया टोचलेल्या होत्या. सगळ्यांत दोरा, एकसारखा, हातभर, टोकाला गाठ.

"हे कोण ओवून ठेवतं, बाबा?"

बाबा सुई टोचत राहिले. थोरली सुटलेली पानं सारखी करू लागली, आणि धाकटीला कळलं. साडेआठ वाजता. रोज. पंधरा मिनिटं. गिऱ्हाइकासमोर बाबांना सुईशी झटावं लागू नये म्हणून. आणि बाहेर येताना पदराने पुसलेले डोळे दुकानाच्या अंधारातून उन्हात आल्याने पाणावलेले नव्हते. बाबांकडे कागद देऊ नकोस, मूळ कागद आहेत. बाबांना दिसेनासं होतंय हे तेव्हाच हिने पाहिलं होतं. तेव्हापासून ही एकटीच पाहत होती, आणि जिला सांगायला गेली तिने ते हेवा म्हणून मोजलं होतं.

"ताई," धाकटी म्हणाली. तिने पेटीतली आणखी एक सुई उचलून बाबांच्या हातात दिली. मग बाबांनी ती थोरलीच्या हातात दिली.

"तू शीव," ते म्हणाले. "निळा तुझा आहे. टाका मी बोटाने बघतो."

थोरलीने पहिला टाका घातला. तो वाकडा पडला. बाबांनी अंगठा फिरवून सांगितलं, उसव. तिने उसवला. दुसरा बरा आला. धाकटी शेजारी उभी राहून पानं धरत होती, आणि खरं सांगायचं तर बाबांचा हात थोरलीच्या मनगटावर बघून तिला आत कुठेतरी टोचलंच. इतकी जुनी सवय एका दुपारी जात नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या नंबरला धाकटी आणि तिचा नवरा बँकेत होते. तक्रार मागे घेतल्याचं पत्र, अकरा ई खालचा अर्ज, चोवीस पगाराच्या पावत्या, फ्रिजचा चिकटपणा असलेल्या. अधिकाऱ्याने तांबडा खंड उघडला, सतरावं पान पाहिलं, खालची दोन टिंबं पाहिली. पोच म्हणून शिक्का मारला. दोन आठवड्यांनी पत्र आलं, पावणेनऊ. हप्ता उतरला. पाळणाघरात पिल्लूचं नाव लागलं. थोरलीकडची खोली रिकामीच राहिली. थोरलीचा दर साडेआठ, म्हणजे धाकटीचा पाव टक्का जास्तच. तो पाव टक्का अजूनही जिन्यात समोर आला की तिला खुपतो. थोरलीला ते माहीत आहे, आणि ती कधी कधी मुद्दाम विचारते, "काय गं, मूळ दर कमी झाला म्हणे?"

पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघी मिळून गेल्या होत्या. बाबांना मध्ये बसवून. डॉक्टरने बराच वेळ तपासलं आणि विचारलं, दिसेनासं कधीपासून होत आलंय? थोरली म्हणाली, पाच वर्षं. डॉक्टर म्हणाला, तेव्हाच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. आता उरलंय तेवढं राखू. धाकटीने खाली पाहिलं. जिन्यातलं ते एक वाक्य तिने त्या दिवशी हेवा समजून झटकलं नसतं, नुसतं का म्हणून विचारलं असतं, तर. या 'तर'च्या पुढे ती अजून जात नाही.

तेव्हापासून ती भेटेल त्याला एक गोष्ट सांगते. पाळणाघरातल्या बायांना, बँकेतल्या त्या अधिकाऱ्यालासुद्धा सांगितली, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी असेल, ज्याचा हात इतका सराईत आहे की डोळ्यांची आठवण कुणाला होत नाही. शिवणारं, निवडणारं, हिशेब लिहिणारं, नुसतं पेपर हातात धरून बसणारं. आज त्यांच्याकडे जा. एक सुई आणि दोरा द्या, म्हणा, जरा ओवून द्या ना. आणि ओवून होईपर्यंत तिथून हलू नका.